द्राक्षबागेत वेदर स्टेशन आणि ओलाव्याचे सेन्सर: खरेदीपासून वाफसा जुळवण्यापर्यंत

हे मुख्यतः द्राक्षवाल्यांसाठी लिहितोय, म्हणजे आमच्याकडचं दिंडोरी, निफाड, चांदवड, तिकडं तासगाव-पलूसकडची मंडळी, पण डाळिंब, टोमॅटो, ऊस करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आमच्या गटात आधी एकानं यंत्र बसवलं, मग बघून बघून बाकीच्यांनी, आणि ते बसवायचं, मोबाईलवर चालू करून द्यायचं आणि "अरे हे लाल का दाखवतंय" असा रात्री फोन आला की समजावून सांगायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. प्रश्न सगळ्यांचे तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. खोक्यातून काढलं, खांबावर लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून बरोबर सांगायला लागलं असं हे यंत्र नाही. तुमच्या मातीला, तुमच्या बागेला ते जुळवून घ्यावं लागतं आणि पहिला हंगाम जवळजवळ त्यातच जातो. विकणारे हे सांगत नाहीत आणि घेणारे तीन आठवड्यांत वैतागतात. मग खांब बांधावर उभा राहतो, सोलर पॅनेलवर चिमण्या बसतात आणि फवारणी पुन्हा शेजाऱ्याचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालू झाला की सुरू होते.

१. आधी फुकटचं वापरून बघा

पैसे घालायच्या आधी महिना-दोन महिने फुकट मिळतंय ते बघायची सवय लावा. हवामान खात्याचं मेघदूत ॲप आहे, मराठीत आहे, त्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. विजांसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं, ते तर बागेत मजूर असतील तर असलंच पाहिजे. शिवाय तुमच्या महसूल मंडळात महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र असेल, राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रं आहेत, तुमच्या मंडळाचं नेमकं कुठं उभं आहे ते एकदा जाऊन बघून या.

हे सगळं बघूनही तुम्हाला वाटलं की मंडळात पाऊस १२ मिलिमीटर दाखवतात आणि माझ्या शिवारात थेंब नाही, किंवा उलटं, तर मग स्वतःच्या यंत्राला अर्थ आहे. आणि जर दोन महिन्यांत ॲप चार वेळा सुद्धा उघडलं नसेल तर स्वतःचं यंत्र घेऊनही उघडणार नाही, उगाच खर्च करू नका.

२. कोणता निर्णय बदलणार ते ठरवा

"माहिती मिळेल" हे कारण पुरेसं नाही. वहीवर एक ओळ लिहा, की या यंत्रामुळं मी अमुक गोष्ट वेगळी करणार. द्राक्षात साधारण तीनच असतात: पाणी कधी आणि किती, डावणीची (डाउनी मिल्ड्यू, हा बुरशीचा रोग) फवारणी कधी, आणि थंडीत पहाटेचा धोका.

पाणी हवं असेल तर मातीच्या सेन्सरवर पैसे घाला, वर वाऱ्याची भिरभिरी नसली तरी चालेल. डावणी हवी असेल तर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारा सेन्सर हवाच, तो नसलेलं स्वस्त मॉडेल घेऊन डावणीचा अंदाज मागू नका. थंडीसाठी साधा तापमानाचा सेन्सर आणि पहाटे वाजणारा अलार्म एवढ्यावर भागतं. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, पण तो सकाळी वाचून काय उपयोग, शेकोट्या पेटवायच्या किंवा पाणी सोडायचं तर पहाटे तीन-चारला कळलं पाहिजे. आणि तुमची बाग ओढ्याकाठी खोलगटात असेल तर तिथं थंड हवा साचते, टेकाडावरच्या बागेपेक्षा पारा चांगलाच खाली असतो.

हां, आणि एक गैरसमज. स्वतःच्या यंत्राचा डेटा दाखवून हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मिळेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तो विमा मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो, तुमच्या खांबावरच्या नाही.

३. विकणाऱ्याला हे विचारा, आणि लिहून घ्या

- दुसऱ्या वर्षापासून वर्गणी किती? पहिलं वर्ष यंत्राच्या किमतीत धरलेलं असतं, खरी किंमत पुढं कळते. वर्गणी नाही भरली तर यंत्र नुसतं खोकं होतं की निदान चालू आकडे तरी दिसतात?
- सिम कुठल्या कंपनीचं आणि मशीन टूजीवर चालतं की फोरजीवर? जिओचं टूजी नाही, त्यामुळं टूजीचं मशीन असेल तर एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलची रेंज लागेल. ही रेंज घरात नाही, जिथं खांब उभा राहणार तिथं उभं राहून बघा, तेही मांडव पूर्ण हिरवा असताना.
- सेन्सर बिघडला तर माणूस किती दिवसांत येणार? ऑक्टोबर छाटणीनंतरच्या (फळासाठीच्या छाटणीनंतरच्या) दिवसांत "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणजे नाही आल्यासारखंच आहे.
- माझा डेटा मला एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो का? आणि तो तुम्ही आणखी कुणाला देता, औषध कंपनीला देता का? हे विचारायला लाजू नका. ज्या ॲपमध्ये रोगाचा इशारा आणि औषधाचं दुकान एकत्र आहे तिथं इशारे जरा सढळ हातानं येतात, निदान माझा तरी तसा अनुभव आहे.
- ॲप खरंच मराठीत आहे का? नुसती बटणं मराठी आणि सल्ला इंग्रजीत, असंही चालतं बाजारात.

जवळच्या दोन बागांत तेच यंत्र निदान एक हंगाम चाललेलं आहे का ते स्वतः जाऊन बघा. डेमोच्या प्लॉटवर सगळंच चालतं.

४. एकट्यानं की गटानं

तापमान, आर्द्रता, वारा हे सपाट शिवारात किलोमीटर-दीड किलोमीटरमध्ये फार बदलत नाही, त्यामुळं वेदर स्टेशन चार-पाच जणांत एक घेतलं तरी चालतं. पाऊस मात्र बदलतो, आणि त्यासाठी प्रत्येकानं आपापल्या बागेत साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक लावावं, स्वस्त असतं. मातीचा सेन्सर मात्र वाटून घेता येत नाही. शेजारच्या काळ्या जमिनीतला आकडा तुमच्या मुरमाड प्लॉटला शून्य कामाचा. तुमच्याच दोन प्लॉटमध्ये माती वेगळी असेल तर दोन जागी सेन्सर लागतील, एकच परवडत असेल तर जिथली बाग जास्त कुरकुर करते तिथं लावा.

गटात घेताना वर्गणी कोण भरणार, खांब कुणाच्या बांधावर, आणि बिघडलं तर फोन कोण करणार हे पहिल्याच दिवशी कागदावर. नंतर यावरून तोंडं फिरतात.

५. कागदपत्रं आणि सामान

स्वतःच्या पैशानं घेणार असाल तर आधार आणि मोबाईल नंबर एवढंच लागतं. अनुदानाच्या मागे लागणार असाल तर सातबारा, आठ-अ, आधार, आधार जोडलेलं बँक पासबुक, ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, आणि गट किंवा कंपनी असेल तर नोंदणीचे कागद नि ठराव. कोणत्या योजनेत काय बसतं ते त्या त्या वर्षी बदलतं, सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) विचारा. मात्र पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी करून बिल फाडू नका, महाडीबीटीच्या (राज्याच्या अनुदान पोर्टलच्या) बहुतेक बाबींत तिथंच अर्ज अडकतो.

सामान: पहार किंवा हातानं फिरवायचं गिरमिट, बादली, टेप, वायर घालायला अर्धा इंची पीव्हीसी पाइप, केबल टाय, खांबासाठी सिमेंट-खडी, आणि एक वही. ही वही पुढं लागणार आहे, विसरू नका.

६. खांब कुठं उभा करायचा

घराजवळ नको. लोकांना चोरीची भीती असते म्हणून पत्र्याच्या शेडला खेटून लावतात आणि मग दुपारी ४३ अंश दाखवतं, कारण तो पत्रा तापलेला असतो. मोकळी जागा हवी, झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब. सोलर पॅनेलचं तोंड दक्षिणेला. पर्जन्यमापकाचं तोंड अगदी लेव्हलमध्ये, पाणसळ लावून बघा, कारण आतली छोटी शिंपली एका ठरावीक थेंबाला कलंडते आणि त्या कलंडण्याची मोजणी म्हणजे पाऊस. खांब तिरका झाला की मोजणी चुकली.

पान ओलं राहण्याचा सेन्सर मात्र मोकळ्यावर नाही, तो मांडवात, पानांच्या उंचीला, साधारण ४५ अंशात तिरका. मोकळ्यावरचं पान नऊला सुकतं आणि दाट मांडवातलं अकरापर्यंत ओलं असतं, डावणीला तेवढे तास पुरतात. लावताना ब्लोअर ज्या बाजूनं जातो त्या ओळीच्या तोंडावर लावू नका, आत चार-पाच झाडं सोडून लावा.

७. मातीतला सेन्सर पुरणं

इथं घाई केली की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून जरा बारकाईनं लिहितो.

जागा निवडताना बागेतलं सरासरी झाड बघा. सगळ्यात जोमदार नको, मर लागलेलं नको, कडेचं नको. ड्रिपरच्या बरोबर खाली पुरला तर कायम ओलं दाखवणार, दोन ओळींच्या मधोमध पुरला तर कायम कोरडं. बोदावर (झाडाच्या ओळीच्या उंचवट्यावर), ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, जिथं उकरल्यावर पांढरी मुळी दिसते तिथं. एक सेन्सर सहा ते आठ इंचांवर आणि दुसरा दीड फुटावर. वरचा सांगतो पाणी कधी द्यायचं, खालचा सांगतो दिलेलं पाणी मुळांच्या खाली वाया जातंय का. खालचा आकडा प्रत्येक पाण्याला उसळी घेत असेल तर तुम्ही जास्त वेळ मोटर चालवताय, सोबत खतही खाली चाललंय.

गिरमिटानं भोक पाडा, सेन्सरच्या जाडीएवढंच, उगाच मोठा खड्डा नको. निघालेली माती थराप्रमाणं वेगळी ठेवा. खालच्या थरातली मूठ-दोन मूठ माती खडे काढून बादलीत पाण्यात कालवा, लापशीएवढी पातळ. ती भोकात ओता आणि मग सेन्सर त्यात दाबून बसवा. हे कशासाठी, तर सेन्सरच्या भोवती हवेची पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली की सेन्सर हवा मोजतो आणि तुम्हाला वाटतं जमीन कोरडी झाली. मग वरची माती थरानं भरत हलक्या हातानं ठोका, आणि वर छोटा उंचवटा करा नाहीतर वायरच्या कडेनं पाणी सरळ खाली उतरतं. जिप्समवाला सेन्सर असेल, सेंटीबारमध्ये मोजणारा, तर तो रात्रभर पाण्यात भिजवून ओलाच पुरायचा.

काळ्या भारी जमिनीत एक वेगळी कटकट आहे. ती सुकली की भेगाळते आणि भेग नेमकी सेन्सरला चाटून गेली की आकडा एका दिवसात कोसळतो. खाली उकरून बघितलं तर माती ओलीच असते. अशा वेळी भेग बुजवा, तिथं उसाचं पाचट किंवा काहीतरी आच्छादन टाका, आणि चार दिवस त्या आकड्यावर भरोसा ठेवू नका.

वायर पाइपमधूनच न्या, उंदीर कुरतडतात आणि खुरपणीत तर हमखास तुटते. ज्या झाडाजवळ पुरलाय त्या तारेला लाल रिबन बांधा आणि मजुरांना दाखवून ठेवा.

८. वाफसा जुळवणं

आता मुख्य काम. वाफसा म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, ओल आणि हवा दोन्ही बरोबर असतात ती अवस्था. ॲपमध्ये कंपनीनं आधीच एक हिरवा पट्टा, म्हणजे ओलावा ठीक आहे असं दाखवणारे आकडे, भरून दिलेला असतो. तो तुमच्या जमिनीचा नाही.

टक्क्यात दाखवणारा सेन्सर असेल तर १०० म्हणजे पूर्ण ओलं असं समजू नका. भारी काळी जमीन पाण्यानं तुडुंब भरली तरी ५० च्या आसपासच दाखवते, आणि त्याच जमिनीत २५ ला झाड मान टाकायच्या बेतात असतं, तर हलक्या वाळूसर जमिनीत २५ म्हणजे चांगलं ओलं. सेंटीबारवाल्याचं उलटं, आकडा जितका मोठा तितकी जमीन कोरडी. साधारण १० ते ३० म्हणजे भरपूर ओलावा, मध्यम जमिनीत ३० ते ६० च्या दरम्यान पाणी देतात, भारी जमिनीत ६० ते १०० पर्यंत थांबता येतं. पण हेही साधारणच.

तुमचा आकडा असा काढा. खरड छाटणीच्या (एप्रिलच्या छाटणीच्या) आधी बाग विश्रांतीत असते तेव्हा हे करणं बरं, फुलोऱ्यात किंवा मणी फुगताना असले प्रयोग नकोत. बोद पूर्ण भिजेल इतकं पाणी द्या आणि बंद करा. रोज सकाळी एकाच वेळी आकडा वहीत लिहा आणि त्याच खोलीवरची माती मुठीत दाबून बघा, आपले आजोबा बघायचे तशीच. हलक्या जमिनीत दुसऱ्या दिवशी, भारीत दोन-तीन दिवसांनी आकडा घसरायचा थांबून स्थिरावतो आणि मुठीत गोळा होतो, पण हाताला पाणी लागत नाही, गोळा खाली टाकला की फुटतो. हा तुमचा वाफसा, हा आकडा गोल करून ठेवा. आणखी थांबा. ज्या दिवशी माती दाबूनही गोळा होत नाही तो दिवस खालच्या टोकाचा, तोही आकडा लिहा. या दोनच्या साधारण मधे पाणी द्यायचं, नाजूक अवस्थेत वाफशाच्या टोकाकडं सरकायचं, आणि मण्यांत पाणी उतरल्यावर किती ताण द्यायचा ते नेहमी ज्यांचा सल्ला घेता त्यांच्याशी बोलून ठरवायचं. हे दोन आकडे ॲपमध्ये भरा, नाही भरता येत म्हटले तर कंपनीच्या माणसाकडून भरून घ्या.

ड्रिपमधून खत सोडलं की काही सेन्सरचा आकडा अचानक वर जातो, ते पाणी नसतं, खताचे क्षार असतात. एक-दोन दिवसांत खाली येतं.

९. अलर्ट लावताना लाईट लक्षात घ्या

ॲप सांगणार दुपारी दोनला पाणी द्या आणि आपल्याकडं या आठवड्यात थ्री-फेज रात्रीची. म्हणून अलर्टचा आकडा पाणी द्यायच्या आकड्याच्या थोडा आधीचा ठेवा, म्हणजे पुढची पाळी येईपर्यंत हातात दिवस असतो. मोबाईल स्टार्टर सेन्सरला जोडून मोटर आपोआप चालवायचा मोह पहिल्या वर्षी आवरा.

पावसाचा हिशोबही करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, ऐकायला खूप वाटतं, पण दोन-तीन मिलिमीटरच्या सरीनं पानं आणि वरचा पापुद्रा ओला होतो, मुळीपर्यंत काही जात नाही. अशा दिवशी पाणी बंद ठेवावं का हे मातीतल्या सेन्सरला विचारा, आभाळाला नको.

अलर्ट तीनच ठेवा. सगळे चालू ठेवले की फोन दिवसभर टणटणतो आणि चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी नोटिफिकेशनच बंद करून टाकतं.

१०. डावणीचा इशारा कसा वाचायचा

डावणीला पानावर पाणी लागतं, त्यामुळं पाऊस, दव, ओलं राहिलेले तास यावरून यंत्र बऱ्यापैकी सांगू शकतं. भुरीला (पावडरी मिल्ड्यू, दुसरा बुरशीचा रोग) पान ओलं असायची गरज नाही, ढगाळ दमट हवेत आणि दाट मांडवात ती येते, म्हणून भुरीच्या इशाऱ्यावर मी कमी विसंबतो, तिथं डोळा आणि मांडवातली हवा खेळती ठेवणं हेच खरं.

आणि यंत्राला तुम्ही काल काय फवारलं ते माहीत नसतं. इशारा लाल झाला आणि दोन दिवसांपूर्वीच आंतरप्रवाही (झाडात शोषलं जाणारं) बुरशीनाशक झालंय तर पळत सुटू नका. उलट स्पर्शजन्य (नुसतं पानावर राहणारं) मारलंय आणि रात्रीत २० मिलिमीटर झाला तर ते धुऊन गेलंय असं धरा. म्हणून प्रत्येक फवारणी ॲपमध्ये किंवा वहीत तारीख-वेळेसह टाका, निर्यातीवाल्यांना तसंही रेकॉर्ड ठेवावंच लागतं. इशारा हिरवा आहे म्हणून पोंगा ते दोडा अवस्थेतली (कोंब फुटल्यापासून फुलोऱ्याच्या आधीपर्यंतची) फवारणी पहिल्याच वर्षी सोडू नका. एक हंगाम दोन्ही शेजारी शेजारी लिहा, यंत्र काय म्हणालं आणि बागेत काय दिसलं, मग ठरवा किती ऐकायचं.

११. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या

ॲप पोराच्या फोनमध्ये आणि पाण्याचा कॉक वडिलांच्या हातात, बहुतेक घरांत हीच स्थिती. "यंत्र सांगतंय पाणी नको" असं बोललं की वाद ठरलेला. त्यापेक्षा वाफसा काढताना माती दाबायचं काम त्यांनाच द्या आणि आकडा तुम्ही लिहा. आमच्या गटातले एक काका तर आता आधी मूठ दाबून आकडा सांगतात आणि मग फोन बघायला लावतात, बऱ्याचदा जवळपास निघतो. सालकरी असेल तर त्याच्या फोनवरही ॲप टाका, कॉक तोच फिरवतो.

१२. देखभाल

पर्जन्यमापकाच्या गाळणीत पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि आत कोळ्याचं जाळं, हे ठरलेलं. बाहेर धो-धो आणि ॲपमध्ये शून्य असेल तर कंपनीला फोन करायच्या आधी झाकण उघडून बघा, शिंपली जाळ्यानं अडकलेली असते. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी साफ करा. मग मापानं पाणी हळूहळू ओतून शेजारच्या साध्या पर्जन्यमापकाशी पडताळा.

पान ओलं राहण्याच्या सेन्सरवर गंधक आणि बाकी औषधांचा थर चढतो आणि तो दिवसभर ओलंच दाखवायला लागतो. साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं दर दोन-तीन फवारण्यांनी पुसा, साबण नको. सोलर पॅनेलवरची धूळही तेव्हाच. छाटणीला लोक लागण्याच्या आदल्या दिवशी मांडवातला सेन्सर आणि वायर सोडवून घरी आणा, आणि परत लावताना तीच उंची, तोच कोन, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवलेला बरा. वर्गणी संपायची तारीख मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण ती नेमकी छाटणीनंतरच्या पावसात संपते आणि तेव्हा कस्टमर केअरला फोन लागत नाही.